घट

एकोणतीस वर्षं मी सेलमला सोनं गाळलं.
लेंगऱ्याहून निघालो तेव्हा एक वळकटी होती,
रेल्वेत तिचं वजन कुणी विचारलं नाही.
तोलणं पुढे शिकलो.
मूस, तेजाब, फुंकणी,
आणि काचेच्या पेटीतला तो तराजू
ज्याच्यासमोर श्वास धरून बसायचं.

आता लेक आयर्लंडला चाललीय.
मिरजेत नर्सिंग केलं, तिकडं वॉर्ड मिळाला.
तिकिटावर लिहिलंय : बॅग एक, किलो तेवीस.
वरच्या दर किलोला जे मागतात
त्यात विट्याच्या बाजारात बरं करडू येतं.

स्टँडसमोरून हुकाचा काटा आणला.
तो म्हणाला, पंचवीस चारशे.
पटेना.
तायाप्पाच्या बेदाण्याच्या शेडवर बॅग नेली,
पेट्यांच्या काट्यावर चोवीस आठशे.
रेशनच्या दुकानात सव्वीस.
तो काटा जास्त दाखवतो हे गावाला ठाऊक आहे,
माझं त्यात नुकसान असं पहिल्यांदाच झालं.
ज्या काट्यावर माझा विश्वास
त्यावर शंभर ग्रॅमच्या वर काही बसत नाही.

रात्री बॅग उघडली.
किलोभर हळद, सांगलीची.
"तिकडं मिळत नाही?"
"मिळती. पिवळी पावडर मिळती."
शेंगदाण्याची चटणी, काळं तिखट, भडंग,
कुकरची जुनी शिट्टी,
कारण नवी ओळखीची वाजत नाही.
आई एक वस्तू काढायची, दोन ठेवायची.
प्रणोती चपला हातात तोलत बसली.
"पाचशे ग्रॅम."
मी घेतल्या. "चारशे साठ."
किराणाच्या काट्यावर चारशे बासष्ट निघाल्या.
दोन ग्रॅमला आमच्या धंद्यात शिव्या बसतात.

शेवटी तायाप्पाकडं बावीस नऊशे करून आणली.
मग एसटीत बसेपर्यंत
तिच्या आईनं काय काय कोंबलं, मी विचारलं नाही.

मुंबईला काचेच्या दारापर्यंतच जाता येतं.
पाऊण तासानं ती आतून परत दाराशी आली,
हातात कापडी पिशवी.
"दोन किलो शंभर जास्त भरलं, पप्पा. हे न्या."
मी म्हणालो, भर पैसे, आहेत माझ्याकडं.
"नको," म्हणाली, "करडू येतं त्यात."
बंदूकवाला शिपाईसुद्धा हसला,
त्याला काय कळलं कुणास ठाऊक.

कराडच्या पुढं आईनं पिशवी सोडली.
नर्सिंगचं जाड पुस्तक.
थंडीसाठी घेतलेले बूट.
"येडी. आता पायात काय घालंल?"
आणि तळाशी हळद, निम्मी.
विमानतळाच्या फरशीवर बसून
पुडी फोडलेली, निम्मी ठेवून घेतलेली,
तोंड केसांच्या रबरानं बांधलेलं.
घरी आल्यावर तोलली.
चारशे एक्क्याण्णव.
नुसत्या नजरेनं!
पोरीचा हात बरा आहे.

गलाईत दिलं तेवढं परत येत नाही.
मुशीला लागतं, धुरात जातं.
वहीत त्याचा वेगळा रकाना असतो : घट.
प्रमाणात असली तर गिऱ्हाईक भांडत नाही.
दुकानातला केर मात्र आम्ही टाकत नाही,
वर्षभर डब्यात साठवतो आणि धुतो.

आज सकाळी, बॅग भरली होती तिथं मी झाडलं.
दोऱ्याचे तुकडे, किमतीच्या चिठ्ठीची प्लास्टिकची काडी,
एक लांब केस,
फरशीच्या सांध्यात हळद.
तिची आई सुपली घेऊन आली.
थांब, म्हणालो.
कागदावर भरलं, पुडी बांधली.

"आता ह्यातनं काय निघायचंय?"

सवय आहे, म्हणालो.